सेगमेंटेशन फॉल्टसाठी हँडलर लावलाय, पण स्टॅक भरल्यावर तो चालतच नाही (सी, उबुंटू)

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कोड चिकटवत नाही, शब्दांतच सांगतो.

घरची केळी आहे. पावसाळा सरत आला की पानांवर करपा दिसायला लागतो. आधी बारीक पिवळट रेघा, मग तपकिरी ठिपके, मग ठिपके एकमेकांना मिळतात आणि पान कडेकडून वाळत जातं. बाबा नुसतं पान बघून "एवढं गेलं" म्हणतात आणि फवारणी ठरवतात. मला वाटलं, पानाचा फोटो घेऊन करपलेला भाग किती टक्के ते सीमध्ये मोजावं. दुसऱ्या वर्षाला आहे, मिनी प्रोजेक्टपण उरकेल.

पद्धत साधी आहे. तपकिरी पिक्सेल सापडला की त्याला खूण करायची, मोजणीत एक वाढवायचा आणि तेच फंक्शन डावीकडे, उजवीकडे, वर, खाली पुन्हा बोलवायचं. 300 बाय 400 चा फोटो दिला, झकास चाललं. मग बाबांच्या फोनमधला मूळ फोटो दिला, 4000 बाय 3000. सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून सिस्टिमनं प्रोग्रॅम मारला. एक्झिट कोड 139. मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर तर छोटा फोटोही चालला नाही, कोडब्लॉक्सच्या काळ्या खिडकीत नुसतं -1073741571.

सीनियर म्हणाला, यूलिमिट -एस 65536 करून स्टॅकची (फंक्शन कॉलांचा हिशेब राहतो त्या मेमरीची) मर्यादा वाढव. केलं. कमी करपलेली पानं पास झाली, जास्त करपलेलं दिलं की पुन्हा तेच.

मग म्हटलं, मरायचंच आहे तर निदान सांगून तरी मर. सिग्नल फंक्शननं सिगसेगव्हीला (सेगमेंटेशन फॉल्टच्या सिग्नलला) हँडलर, म्हणजे तो आला की चालणारं फंक्शन, लावला, आत प्रिंटएफ. हँडलर येतच नाही! गंमत म्हणजे मुद्दाम नल पॉइंटरमध्ये (शून्य पत्त्यावर) लिहून पाहिलं, तर तोच हँडलर येतो आणि छापतो. स्टॅक भरला की मात्र गप. इमेज मॅलॉकनं (स्टॅकबाहेरच्या मेमरीत) घेतलीय, त्यात चूक नाही असं वाटतं. कुठं चुकतंय?

कॉपीपेस्ट_शिरपूर

-एफस्टॅक-प्रोटेक्टर लावून कंपाइल कर. स्टॅकचा ओव्हरफ्लो तोच पकडतो.

जंक्शन_भुसावळ

वरच्या भाऊंचा गोंधळ नावामुळे झालाय, बऱ्याच जणांचा होतो. स्टॅक-प्रोटेक्टर पाहतो ते फंक्शनमधला बफर ओलांडून कुणी परतीच्या पत्त्यापर्यंत लिहीत गेलं का. स्टॅकची जागाच संपली, हे त्याचं काम नाही. इथं कुणी कुंपण ओलांडलेलं नाही, वावरच संपलंय.

आता केळीवाला, तुझ्याकडे येतो. तुझा प्रश्न चांगला आहे, कारण नल पॉइंटरची तुलना तू स्वतःच करून पाहिलीस. उत्तर तिथंच आहे.

सिग्नल आला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हँडलरसाठी एक फ्रेम रचतो: रजिस्टरं जपून ठेवायची, परतीचा पत्ता ठेवायचा. ही फ्रेम कुठं रचतो? त्याच स्टॅकवर. नल पॉइंटरच्या वेळी स्टॅक जवळपास रिकामा असतो, म्हणून हँडलर सुखानं चालतो. रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावत राहून, स्टॅक भरला असेल तर कर्नलला फ्रेम ठेवायला जागाच मिळत नाही, मग तो आणखी विचारपूस न करता प्रोग्रॅम मारून टाकतो. आमच्या भुसावळच्या भाषेत सांगायचं तर, डबा भरलाय हे सांगायला टीसीलाही डब्यात पाय ठेवण्याइतकी जागा लागते.

म्हणून हँडलरला वेगळी जागा द्यायची. सिगअल्टस्टॅक नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे. 65536 बाइटचा एक स्टॅटिक ॲरे घे आणि स्टॅक_टी प्रकारच्या स्ट्रक्चरमध्ये त्याचा पत्ता, आकार आणि फ्लॅग शून्य भरून ते सिगअल्टस्टॅकला दे. आकारासाठी सिगस्टॅकसाइझ हा मॅक्रो पुष्कळ जुन्या कोडमध्ये दिसेल, पण जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) 2.34 पासून काही सेटिंगांत तो स्थिर आकडा राहिलेला नाही, मग स्टॅटिक ॲरेच्या आकारासाठी तो चालत नाही. सरळ आकडा लिही. यानंतर सिग्नल फंक्शन सोडून सिगॲक्शन वापर, फ्लॅगमध्ये एसए_ऑनस्टॅक आणि एसए_सिगइन्फो दोन्ही. एसए_ऑनस्टॅक विसरलास तर वेगळी जागा तयार असूनही कर्नल तिकडं फिरकत नाही. हे मी स्वतः विसरून एक आख्खा रविवार घालवलाय.

एसए_सिगइन्फोमुळे हँडलरला एक माहितीचं स्ट्रक्चर मिळतं. त्यात एसआय_ॲडर हा ज्या पत्त्यावर ठेच लागली तो पत्ता. तो शून्याच्या आसपास असेल तर नल पॉइंटर. स्टॅकच्या तळाजवळ असेल तर स्टॅक संपला. तळ कुठे हे कळायला मेनमध्ये एका लोकल व्हेरिएबलचा पत्ता ग्लोबलमध्ये टिपून ठेव, गेटआरलिमिटनं मर्यादा विचार आणि वजाबाकी कर. अचूक येणार नाही, पण आपल्या कामाला पुरतं.

हँडलरमध्ये प्रिंटएफ नको. मॅलॉकही नको. ठेच लागली तेव्हा प्रोग्रॅम मॅलॉकच्याच मध्यात कुलूप घेऊन बसलेला असू शकतो, मग हँडलर त्याच कुलपाची वाट बघत बसेल. राइटनं दोन नंबरच्या डिस्क्रिप्टरवर (एरर आउटपुटवर) संदेश लिही आणि अंडरस्कोरवाल्या एक्झिटनं बाहेर पड. काही लोक इथून सिगलाँगजंप मारून मेनमध्ये परत येतात आणि पुढं चालू ठेवतात. मी ते करत नाही. मधल्या पावणेदोन लाख कॉलांपैकी कुणी काय अर्धवट सोडलंय, कुणाला माहीत?

पावणेदोन लाख कुठून आणले ते सांगतो, कारण खरा मुद्दा तिथं आहे. -एफस्टॅक-यूसेज लावून कंपाइल केलंस की शेजारी .एसयू फाइल बनते, तिच्यात प्रत्येक फंक्शनला किती बाइट लागतात ते लिहिलेलं असतं. तुझं फंक्शन दोन अंक आणि एकदोन पॉइंटर घेत असेल, तर ऑप्टिमायझेशनशिवाय 48 च्या आसपास येईल. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा 8192 किलोबाइट, म्हणजे 83,88,608 बाइट. भागिले 48, साधारण 1,74,000. छोट्या फोटोत सगळे मिळून पिक्सेलच 1,20,000. म्हणजे तो या मशीनवर कधी कोसळणारच नव्हता, तुझी चाचणी तुला फसवत होती. विंडोजवर मेन थ्रेडला साधारणपणे 1 एमबी मिळतो, तिथं वीस हजारांच्या आसपासच खेळ खलास. मित्राला दिसलेला तो ऋण आकडा विंडोजचा स्टॅक ओव्हरफ्लोचाच कोड आहे.

सीनियरच्या 65536 नं तुला 14 लाखांची खोली दिली. अर्धं पान करपलेलं असेल तर 60 लाख पिक्सेल, आणि चार दिशांचं रिकर्शन नागमोडी जात जवळपास तेवढंच खोल उतरू शकतं. 60 लाख गुणिले 48 म्हणजे जवळजवळ 29 कोटी बाइट. किती वाढवत बसशील?

तेव्हा हँडलर शिकायला लाव, पण औषध ते नाही. रिकर्शन काढ. मॅलॉकनं स्वतःचा स्टॅक बनव, त्यात फक्त एक्स आणि वाय, दोन्ही अनसाइन्ड शॉर्ट. 4000 त्यात आरामात मावतो. एका पिक्सेलला 4 बाइट. आणि एक गोष्ट नीट ऐक: पिक्सेलला खूण स्टॅकवर टाकतानाच कर, काढताना नाही. काढताना केलीस तर एकच पिक्सेल त्याचे चारही शेजारी टाकतील आणि तुझा स्टॅक उगाच फुगेल. टाकताना केलीस तर प्रत्येक पिक्सेल एकदाच, सगळाच्या सगळा फोटो तपकिरी असला तरी 4 कोटी 80 लाख बाइट, बस. आणि मॅलॉकला जागा नसेल तर तो नल देतो, तू तपासू शकतोस. स्टॅक तेवढंही सांगत नाही. सीच्या मानकात स्टॅक संपला तर काय व्हावं याचा नियमच नाही.

इमेज मॅलॉकनं घेतलीस ते बरं केलंस. मेनमध्ये लोकल ॲरे असता तर 3 कोटी 60 लाख बाइट, पहिल्या फोटोआधीच राम म्हटला असता.

केळीवाला_रावेर

दादा, एवढं लिहिलंत, आधी नमस्कार घ्या. .एसयू फाइल पाहिली, बरोब्बर 48! जीडीबी डीबगरमध्ये बीटी -3 दिलं तर मेनच्या फ्रेमचा नंबर 1,74,585. अंगावर काटा आला.

एक शंका. -ओ2 लावलं तर काही मोठे फोटो चालतात. मग ऑप्टिमायझेशन लावून सोडून दिलं तर?

जंक्शन_भुसावळ

नको. -ओ2 वर शेवटचा कॉल, तुझ्याकडे बहुतेक "खाली"चा, जीसीसी कंपाइलर साध्या उडीत बदलतो, त्याला नवीन फ्रेम लागत नाही. बाकी तीन दिशा तशाच राहतात. म्हणजे उभ्या पट्ट्यासारखा डाग पास, आडवा नापास. पान कसं धरून फोटो काढला यावर प्रोजेक्टचे मार्क ठरणार का?

पांझराकाठ

धुळ्याहून. तुम्हा लोकांचं नशीब म्हणायचं की सेगमेंटेशन फॉल्ट तरी येतो. स्टॅकच्या खाली कर्नल मेमरीची मोकळी पानं (पेजेस) सोडतो, तिथं पाय पडला की पकडतो. मायक्रोकंट्रोलरवर असा कुणी राखणदार नाही.

मामांच्या शेतात, सोनगीरकडे, ठिबकचे चार वॉल्व्ह मी एटीमेगा328पी वर बसवले होते. मेसेज पाठवला की वॉल्व्ह उघडतो. त्या चिपमध्ये सगळी मिळून रॅम 2048 बाइट. महिनाभर नीट चाललं. मग तीन नंबरचा वॉल्व्ह मनानं उघडायला लागला. मामा फोनवर, "काय व्हयनं भाऊ, पानी चालू से!" मी रिले बदलला, वायरी बदलल्या, वॉल्व्हची कॉइल बदलली. पावसाला दोष दिला, उंदरांना दिला.

शेवटी मामींनी शोधलं. म्हणाल्या, त्या सिमवर रिचार्जची ऑफर आली की पाणी सुटतं.

आणि तसंच होतं. साधा मेसेज एका फंक्शनमध्ये वाचला जायचा, त्यात 512 चा लोकल बफर. ऑफरचा लांबलचक मेसेज तुकड्यांत यायचा, तुकडे जोडायला मी आत वेगळं फंक्शन लिहिलं होतं, त्यात आणखी एक 512. ग्लोबल व्हेरिएबलं 1100 च्या घरात. बेरीज करा, 2048 च्या वर जाते. वरून खाली वाढणारा स्टॅक ग्लोबलांच्या डोक्यावर उतरला आणि सगळ्यात शेवटी बसलेला तीन नंबरचा फ्लॅग पुसून त्यावर कुठलंतरी अक्षर लिहून गेला. शून्य नाही म्हणजे उघडा.

तेव्हापासून मी सुरुवातीलाच मोकळी रॅम 165 या आकड्यानं भरून टाकतो, आणि दिवसभर चालवून बघतो की किती 165 शिल्लक आहेत. शिल्लक तेवढीच खरी मोकळी जागा. फ्रीआरटॉस (छोट्या चिपांची ऑपरेटिंग सिस्टिम) टास्कच्या स्टॅकवर हेच करतं, आकडाही तोच, आणि हाय वॉटर मार्क (आजवर कमीत कमी किती जागा उरली) विचारायचं तयार फंक्शन आहे. फक्त तिथं टास्क बनवताना स्टॅकचा आकार बाइटमध्ये नाही, वर्डमध्ये द्यायचा असतो. 32 बिटच्या चिपवर 128 म्हणजे 512 बाइट. ईएसपी32 च्या कंपनीच्या आवृत्तीत मात्र बाइटच. एकाचा कोड दुसऱ्यावर नेला की चौपट फसगत.

कॉपीपेस्ट_शिरपूर

माझं चुकलं, मान्य. पण -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस लावून बघितलं, तो खरंच "स्टॅक-ओव्हरफ्लो" असं नाव घेऊन ओळ नंबरासकट सांगतो. शिकताना सिगअल्टस्टॅकच्या आधी हे बरं पडेल.

जंक्शन_भुसावळ

हे मात्र बरोबर. डीबगिंगला तेच लावा. आणि थ्रेड वापरणार असाल तर सिगअल्टस्टॅक प्रत्येक थ्रेडला वेगळा द्यावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

केळीवाला_रावेर

रिकर्शन काढलं. स्वतःचा स्टॅक, टाकतानाच खूण. मोठा फोटो डोळ्याची पापणी लवायच्या आत. सगळ्यात वाईट पान 31 टक्के आलं. बाबांनी आधीच "तिसरा हिस्सा गेला" म्हटलं होतं, त्यामुळे घरात कुणाला फारसं कौतुक नाही.

हँडलर जुन्या रिकर्शनवाल्या प्रतीत लावून पाहिला. येतो! आईला दाखवायला संदेश अहिराणीत ठेवलाय, "स्टॅक भरी गया", पुढे नवी ओळ. पण पडद्यावर नुसतं "स्टॅ" येतं आणि पुढं चौकटीतलं प्रश्नचिन्ह. राइटला लांबी मी बोटांवर मोजून दिलीय: काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, दोन मोकळ्या जागा आणि नवी ओळ धरून 14. हा अल्टस्टॅकपण भरला की काय?

पांझराकाठ

स्टॅक ठीक आहे भो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला 3 बाइट. स, पाय मोडल्याची खूण, ट आणि अर्धचंद्र, झाले 12. उरलेल्या दोन बाइटमध्ये "क" अर्धा कापला गेला. तुझा संदेश 36 बाइटचा आहे. ॲरेत ठेव आणि साइझऑफ वजा एक दे.