सप्टेंबरात बामणोली, हिवाळ्यात चांदोली : कॅम्पर ट्रेलरला बॅटरी कोणती, वायर केवढी?

सांगलीकर :
नमस्कार मंडळी. दोन माणसांपुरता छोटा कॅम्पर ट्रेलर बांधून घेतोय. सांगाडा उभा राहिलाय, आता वायरिंग. ओढायला बीएस ६ डिझेल गाडी आहे. आत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, चार एलईडी दिवे, १२ व्होल्टचा पंखा, पाण्याचा पंप, दोन मोबाइल, एक लॅपटॉप. एका जागी दोन-तीन रात्री मुक्काम. दुकानदार म्हणतात, घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आणि छतावर ४०० वॅट पॅनेल टाका, झालं काम. इंडक्शन शेगडीही चालवायची आहे. जमेल का?

कृष्णाकाठ :
आधी रोजचा खर्च मांडा, बॅटरी मग. फ्रिज ४५ वॅटचा धरा, तो दिवसातला साधारण निम्मा वेळ चालतो : ५४० वॅट-तास. पंखा २५ वॅट, आठ तास : २००. दिवे १००, लॅपटॉप-मोबाइल १५०, पंप १५. म्हणजे रोज एक युनिट.

१५० एएच ट्युब्युलरमध्ये कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवलीत तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. हाती उरले ९००, एक दिवसही नाही. शिवाय पन्नास किलोच्या वर वजन, चार्जिंगला निघणारा हायड्रोजन आणि घाटात हिंदकळणारं ॲसिड. झोपायच्या जागेत ती नकोच.

लिथियम आयर्न फॉस्फेट १२.८ व्होल्ट, २०० एएच घ्या. २५६० पैकी दोन हजार वॅट-तास बिनघोर वापरता येतात, म्हणजे ऊन नसतानाही दोन दिवस. इंडक्शन मात्र सोडा. १८०० वॅटला बॅटरीतून १७० अँपिअरच्या आसपास ओढ लागते आणि वीस मिनिटांत ६०० वॅट-तास जातात, फ्रिजच्या दिवसभराच्या खर्चापेक्षा जास्त. छोटी गॅस शेगडी बरी.

यवतेश्वर घाट :
बॅटरीचं पटलं, पण खरी अडचण ती भरण्याची आहे. जानेवारीत चांदोलीला ४०० वॅट पॅनेल १४०० वॅट-तास सहज देईल. सप्टेंबरात कासच्या बाजूला दिवसभर धुकं बसलं की त्याचा चौथा हिस्साच धरा. म्हणून पॅनेल वाढवण्यापेक्षा गाडीवरून चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आधी घ्या. तो तासाला ४०० वॅट-तास टाकतो. सांगलीहून बामणोलीपर्यंत चार तास गाडी चालली की दीड युनिट आलं, मुक्कामाला बॅटरी भरलेलीच पोचते.

दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा साधा रिले लावू नका. बीएस ६ गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारं जनित्र) बऱ्याचदा व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मग लिथियम पूर्ण भरत नाही. उलट ती रिकामी असली की वाटेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवते. चार्जरला इग्निशनचा सिग्नल जोडा, नाहीतर उभ्या गाडीची स्टार्टरची बॅटरी बसेल.

वायर : चार्जर ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवा. गाडीच्या बॅटरीपासून तिथवर सात मीटर, जाऊन-येऊन चौदा. ३५ अँपिअरला ६ स्क्वेअर एमएमवर दीड व्होल्ट गळतो, १६ वर अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त. १६ चीच घ्या, दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (ट्रेलर सोडताना काढता येणारी जाड जोडणी). दिव्यांच्या सात पिनी सॉकेटमधून चार्जिंग घेऊ नका. निगेटिव्हही स्वतंत्र ओढा, चासीच्या भरवशावर नको. गंज चढला की तिथेच व्होल्टेज गळतं.

सांगलीकर :
इंडक्शन रद्द. मेनला घरातला एमसीबी चालेल? आणि सोलर कंट्रोलरची (पॅनेलवरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राची) सेटिंग?

मिरज जंक्शन :
घरातला एमसीबी नको. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यात ठिणगी विझते. डीसीत ती जळत राहते. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, म्हणून पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात क्लास-टी फ्यूज (एवढा करंट तोडू शकणारा), १०० अँपिअर, वायर २५ स्क्वेअर एमएम. ६०० वॅटचा प्युअर साइन (घरच्यासारखी स्वच्छ एसी देणारा) इन्व्हर्टर त्यात बसतो. पुढे ब्लेड फ्यूज बॉक्स : फ्रिजला ४ स्क्वेअर एमएम आणि १५ अँपिअर, पंपाला २.५ आणि १०, दिव्यांना १.५ आणि ५. फ्रिजची वायर बारीक पडली की कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज कोसळून तो बंद पडतो, आणि दोष विनाकारण बॅटरीला लागतो.

कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), ३० अँपिअर. चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (ट्युब्युलरसारख्या लेड-ॲसिड बॅटरीला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार व्होल्टेज बदलणं) दोन्ही बंद. लेड-ॲसिडची सेटिंग तशीच राहिली तर इक्वलायझेशनला व्होल्टेज पंधराच्या आसपास जातं आणि बॅटरीचं बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडतं.

व्होल्टमीटरवर विसंबू नका. बराच काळ तो १३.१ ते १३.३ च दाखवतो. निगेटिव्हवर शंट मॉनिटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजून किती चार्ज उरला ते सांगणारा) बसवा आणि सगळ्या निगेटिव्ह शंटच्या पलीकडेच जोडा; एकजरी थेट बॅटरीला गेली तर हिशेब चुकतो.

लग (वायरीच्या टोकाची तांब्याची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या, सोल्डर नको. सोल्डर वायरीत झिरपून कडक होतो आणि घाटाच्या हादऱ्यांनी तार नेमकी त्या कडेला तुटते. वायर घेताना टोक खरवडून बघा, आतून पांढरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. बॅटरी आतच, ॲक्सलच्या जरा पुढे ठेवा. मागच्या टोकाला वजन गेलं की ट्रेलर डुलतो. उन्हातल्या बंद पत्र्याच्या पेटीत ती नको, ४५ अंशांच्या वर बऱ्याच बॅटऱ्या चार्जिंग घेत नाहीत.