स्मिता पाटील तुमच्या घरात कधी आली? अनुभव लिहा

17 ऑक्टोबर 1955 ते 13 डिसेंबर 1986. एकतीस वर्षं आणि जेमतेम दोन महिने. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, 1985 साली पद्मश्री, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते इथे नको. तिच्यामुळे तुमच्या घरात काय हललं, ते लिहा.

सुरुवात मी करते. माझी आत्या सावळी. पाहुणे बघायला यायचे तेव्हा आजी तिला उजेडात बसवायची नाही, दिवेलागणीची वेळ गाठायची. मग 'जैत रे जैत' आला. त्यातली स्मिताची चिंधी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, उन्हात तळपणारी, 'मी रात टाकली' म्हणत डोंगर उतरणारी. आत्या तो सिनेमा तीनदा बघून आली आणि आपला पावडरचा डबा तिने माझ्या बाबांना कॅरमसाठी देऊन टाकला. पुढच्या पाहुण्यांसमोर ती सकाळी दहाला, अंगणाच्या दाराशी बसली. ते स्थळ जमलं नाही. त्यानंतरचं जमलं.

गिरगाव, आता बोरिवली
आमच्या चाळीत एकच टीव्ही, दुसऱ्या मजल्यावर. मुंबई दूरदर्शन 1972 च्या ऑक्टोबरात सुरू झालं, त्यानंतरची ही गोष्ट. स्मिता तेव्हा मराठी बातम्या द्यायची, त्या लागल्या की आम्ही मुली पुढे सरकून बसायचो. मोठं कुंकू, सुती साडी, कानात काहीतरी छोटंसं. ती जीनवरच साडी गुंडाळून बातम्या द्यायला बसायची हे फार नंतर कळलं, कारण दिसायची फक्त कमरेच्या वर! पण मला वेड लावलं तिच्या आवाजाने. किंचित जड, घाई नाही, शब्द पूर्ण संपल्यावरच पुढचा. मी गच्चीवर जाऊन पेपरातला अग्रलेख तसा वाचायची. त्या सवयीवर पुढे मी अंधशाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं वाचली, एकवीस वर्षं.

शिरपूर
आमच्या खान्देशात तिला स्मिता पाटील आधी कोणी म्हणायचं नाही. शिवाजीरावांची पोर. वडील स्वातंत्र्यसैनिक, मंत्री. आई विद्याताई समाजकार्यात. पोरगी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेली. म्हणून सिनेमात ती शेणगोठ्यात बसली की बसलीये असं वाटायचं, बसवलीये असं नाही. मला तरी तिच्या कामाचं मूळ त्या संस्कारात दिसतं.

आणंद, गुजरात
नोकरीने मी इकडे आलो 1981 साली, दूध संघात. मूळचा सांगलीचा. 'मंथन' मी इथेच पाहिला, संघातल्या लोकांबरोबर. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा, म्हणजे प्रेक्षागृहातले निम्मे लोक निर्माते! शेजारी बसलेले काका पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'आमां मारा बे रुपिया छे.'

त्यातली स्मिताची बिंदू मी रोज सकाळी बघायचो. संकलन केंद्रावर बायांची रांग, बरण्या, फॅट काढायला घेतलेले नमुने. एखादीचं फॅट कमी लागलं की ती काहीच बोलायची नाही, नुसती भुवई वर करून आमच्या माणसाकडे बघायची. माझ्या पाण्यात की तुझ्या मापात, असा तो प्रश्न. स्मिताने ती भुवई कुठून उचलली कोण जाणे. त्यानंतर मी माप घेताना काटा बाईच्या बाजूला वळवून ठेवायला लागलो, तिला स्वतःला दिसावा म्हणून. साहेब हसले. पण आमच्या केंद्रावरची भांडणं कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ठाणे
मी फक्त एवढंच लिहिणार. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या 'चक्र'मध्ये तिने झोपडपट्टीतली अम्मा जीव ओतून केली आणि पोस्टरवर लावलं काय, तर तिची उघड्यावरची अंघोळ. तिला स्वतःलाही ते रुचलं नव्हतं. कॉलेजला जाताना त्या पोस्टरखाली टवाळ पोरं उभी असायची, म्हणून मी रस्ता बदलला होता. सिनेमा बघितला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. आजही राग येतो.

निवृत्त अधीक्षिका, मराठवाडा
'उंबरठा' 1982 साली बघितला तेव्हा मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या सगळ्याजणी गेलो होतो. स्मिताची सुलभा महाजन नवरा, सासू, लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून जाते, हे बघून आम्ही परतताना रस्त्यात कोणी कोणाशी बोललो नाही.

बारा वर्षांनी मी त्याच खुर्चीवर बसले. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी हातात आला किल्ल्यांचा जुडगा, सतरा किल्ल्या, त्यातल्या चार कशाच्या ते कोणालाच माहीत नव्हतं. रात्री साडेआठला फाटकाला कुलूप. कोठीच्या वहीत तूरडाळ नऊ किलो, डब्यात साडेपाच. मी विचारलं तर कारकून म्हणाला, 'मॅडम, पूर्वीपासून असंच आहे.' आणि संध्याकाळी समितीतल्या एका सदस्याचा निरोप, की घरकामाला एक मुलगी पाठवून द्या. जब्बार पटेल आणि तेंडुलकरांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं हो.

मुलगी पाठवली नाही. डाळ माझ्यासमोर मोजायला लावली. दीड वर्षात बदली झाली.

पण एक गोष्ट टिकली. आमच्याकडच्या बायका संध्याकाळी कसलीतरी रडकी प्रार्थना म्हणायच्या. मी त्यांना 'उंबरठा'तली, वसंत बापटांची 'गगन सदन तेजोमय' शिकवली. त्यातली एक, नवऱ्याने जाळलेली, उजवा हात कोपरात आखडलेला, ती सगळ्यांत वरच्या पट्टीत गायची. 'छाया तव, माया तव' म्हणताना तो आखडलेला हात जेवढा उठेल तेवढा उचलायची. मी निघाले त्या दिवशी गाडी वळेपर्यंत ऐकू येत होती.

नाशिक
वरच्या ताईंचं वाचून डोळे भरले. तरी मला वेगळं लिहायचंय, राग मानू नका. सगळेजण 'उंबरठा'तल्या सुलभाबद्दल बोलतात. मी तिची मुलगी राणी होते. माझी आई परगावी नर्स, मी काकूकडे. आई सुट्टीला आली की मी काकूच्या पाठीमागे लपायची. सिनेमात राणी आईकडे जात नाही आणि स्मिताच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आईच्या चेहऱ्यावर प्रत्यक्ष पाहिलं होतं, फक्त तेव्हा मला ते राग वाटलं होतं. सव्वीस वर्षांची असताना टीव्हीवर तो प्रसंग बघितला आणि उठून आईला फोन लावला. काय बोलावं सुचेना. शेवटी विचारलं, जेवलीस का.

स्मिता गेली तेव्हा तिचं बाळ पंधरा दिवसांचं होतं. माझी आई प्रसूती विभागात होती. त्या आठवड्यात ती प्रत्येक बाळंतिणीचा ताप दोनदा बघायची, असं तिने सांगितलंय.

निवृत्त अधीक्षिका, मराठवाडा
नाशिकच्या ताई, राग कसला. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, आजीजवळ. रविवारी यायची तर तो माझी पिशवी आधी तपासायचा, मला नंतर. मी लिमलेटच्या गोळ्या पिशवीच्या अगदी तळाशी ठेवायची, म्हणजे तेवढा वेळ तो जवळ उभा राहायचा.