सभा विरळ करण्यापेक्षा वक्त्यांची निवड बदलावी

रोटरीच्या साप्ताहिक सभा बंद करून महिन्यातून एकदाच एखादा नामवंत वक्ता बोलवावा, ही वर मांडलेली सूचना वाचली. तिच्यामागची वेळेची ओढाताण मला पूर्ण मान्य आहे, पण उपाय पटत नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केलेल्या या संस्थेचे नावच मुळी सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने भरणाऱ्या बैठकांवरून पडले आहे. २०१६ पासून क्लबांना महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा आहे, तेव्हा फार तर पंधरवड्याने भेटावे. त्याहून विरळ नको.

वक्त्यांबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो. आमच्या क्लबात एकदा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक फिटर बोलायला आले होते. गंज आणि क्षार साचून आतून निम्म्याहून अधिक बुजलेला पाइपाचा तुकडा त्यांनी पिशवीतून काढून सर्वांच्या हाती फिरवला, आणि वरच्या आळीत पाणी का चढत नाही हे तेव्हा जसे उमगले, तसे कोणत्याही मोठ्या नावाच्या भाषणातून आजवर उमगले नव्हते. प्रश्न तर संपतच नव्हते. म्हणून वक्ता निवडताना नावापेक्षा अनुभव पाहावा, वीस मिनिटे भाषणाला आणि तेवढीच प्रश्नोत्तरांना राखावीत, आणि निवेदने व वाढदिवसांच्या शुभेच्छा भाषणानंतर घ्याव्यात. पाहुण्यांना त्यासाठी ताटकळत ठेवलेले मला मनापासून खटकते.