गाभण गाईला निओस्पोराची लस द्यावी का?

पशुवैद्यकाचा विद्यार्थी, परळ
निओस्पोरा कॅनायनम या एकपेशीय परजीवीमुळे गाय बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभडते. गाभ टिकला तरी वासरू अनेकदा पोटातूनच संसर्ग घेऊन येते आणि वरून धडधाकट दिसणारी कालवड पुढे तोच वारसा चालवते. काही देशांत अशा गाई कळपातून काढून कत्तलीला पाठवतात. महाराष्ट्रात गोहत्याबंदी असल्याने ती वाट बंद आहे, आणि बाधित गाय विकणे म्हणजे रोग दुसऱ्याच्या गोठ्यात ढकलणे. म्हणून गाभण गाईलाच लस टोचून वासरू वाचवण्यावर आपल्याकडे संशोधन व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

पशुवैद्य, गोरेगाव
आपली कळकळ पटते, उपाय पटत नाही. हा परजीवी पेशीच्या आत राहतो, त्यामुळे त्याला मारायला पेशींमार्फत चालणारी प्रतिकारशक्ती लागते. आणि गाभणपणात गर्भ नाकारला जाऊ नये म्हणून गाईचे शरीर नेमकी तीच आवरून धरते. मेंदूत आणि स्नायूंत दबून बसलेला परजीवी अशा वेळी जागा होऊन वारेतून वासरापर्यंत पोचतो. जिवंत लस दिली तर ती स्वतःच गर्भापर्यंत जाण्याचा धोका, मृत लस दिली तर संरक्षण तोकडे. अमेरिकेत गाभण गाईंसाठी विकली जाणारी मृत लस पुढे बाजारातून गेलीच. मेंढ्यांसाठीची टॉक्सोप्लाझ्माची (निओस्पोराच्या जवळच्या नात्यातल्या परजीवीची) जिवंत लसही फळवण्याआधी देतात, गाभण मेंढीला कधीच नाही. संशोधन करायचेच तर ते अजून न फळवलेल्या कालवडींसाठीच्या लसीवर व्हावे.

पशुवैद्यकाचा विद्यार्थी, परळ
पण मुंबईच्या तबेल्यांत जनावर बहुधा व्यायला आलेले किंवा नुकते व्यालेले असेच विकत येते. फळवण्याआधीची वेळ इथल्या मालकाच्या हाती असतेच कुठे? शिवाय आधीपासून बाधित असलेली गाय वेगळी आणि गाभण असताना कुत्र्याच्या विष्ठेतून पहिल्यांदाच बाधा झालेली गाय वेगळी. दुसरीच्या बाबतीत लसीची आशा सोडू नये.

तबेलामालक, जोगेश्वरी
त्या दुसऱ्या गाईसाठी लसीची वाट कशाला पाहायची? आमच्याकडे भुशाच्या ढिगावर कुत्री झोपतात, तोच भुसा संध्याकाळी गव्हाणीत पडतो. पडलेली वार आणि गाभडलेला गर्भ कोपऱ्यात फेकला जातो, कुत्रे तो खाते आणि चक्र पुरे होते. वार ताबडतोब खोल पुरणे आणि पेंड-भुसा झाकणे एवढे तरी आजपासून होऊ शकते, आणि ते होत नाही याचा मला मनापासून राग येतो.

पशुवैद्य, गोरेगाव
वार पुरताना हातमोजे घालावेत, कारण गाभडण्यामागे ब्रुसेला हा जिवाणू असेल तर तो माणसालाही होतो. गर्भ मात्र लगेच पुरू नये: तो बर्फात ठेवून गाईच्या रक्तासह प्रयोगशाळेत पाठवावा. गर्भाचा मेंदू आणि हृदय तपासल्याशिवाय निओस्पोराचे नाव घेता येत नाही, मग लस कोणत्या गाईला द्यायची ते ठरणार कसे?