मदत हवी आहे: बोटींच्या यार्डातलं रंगाचं पाणी पावसात खाडीत जातं, कसं अडवावं?

वाघोटणकाठ

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या काठाला आमचं बोटी दुरुस्तीचं यार्ड आहे. यार्ड म्हणजे फार काही नाही: पंधरा गुंठे उताराची जागा, एक विंच, पत्र्याची शेड आणि वडिलांच्या ओळखीवर येणाऱ्या अठरा-वीस बोटी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या शेवटच्या उधाणाला सगळ्या एकदम वर येतात. थोडं घासकाम तेव्हाच उरकतात, मग शाकारून ठेवतात. उरलेलं घासणं-रंगवणं जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात. म्हणजे कोकणात पाऊस धो-धो कोसळतो नेमकं तेव्हा आमच्याकडे हातात पत्रा आणि ग्राइंडर.

गेल्या मे महिन्यात दुपारी अचानक वळीव आला. तीन बोटी घासून झालेल्या, चुरा खाली तसाच. अर्ध्या तासात यार्डातून लाल पाण्याचा पाट खाडीत. ओहोटी होती, खाली आमच्याच वाडीतल्या बायका कालवं पाडत होत्या. एक जण वर आली आणि काही न बोलता पायाला लागलेला लाल थर वडिलांना दाखवून गेली. वडील तेव्हा गप्प बसले, पण मी विषय काढला की म्हणतात, "आमच्या आज्यान हयसरच होडये घासल्यान, तेवा खाडी मेली?"

मृगाला अजून दहा-अकरा आठवडे आहेत. बजेट साठ-सत्तर हजार. यार्डातलं पाणी खाडीत पडतं त्या तोंडाशी एक मोठा खड्डा खणून सगळं पाणी त्यात घ्यावं असा विचार आहे. किती मोठा लागेल? नुसती ताडपत्री पुरेल का? घासलेला चुरा शेवटी टाकायचा कुठे? परवानगी लागते का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

सडेकर

सोपं आहे. जांभ्यात शोषखड्डा मारा, विटांचे तुकडे आणि वाळू भरा. पाणी मुरून जाईल, खाडीत जाणारच नाही.

विहिरीचं पाणी

सडेकर, कृपा करून असले सल्ले देऊ नका. जांभा चाळणीसारखा असतो. मुरलेलं पाणी गायब होत नाही, खालच्या वाडीच्या विहिरीत निघतं. सांडपाण्याचा शोषखड्डा वेगळा आणि तांब्याच्या रंगाचा वेगळा. वाघोटणकाठ, तुमच्या खालच्या अंगाला विहीर आहे का?

वाघोटणकाठ

आहे. साठ-सत्तर पावलांवर. वाडीतली चार घरं तिचंच पाणी पितात. शोषखड्डा रद्द.

पावसाचा हिशेबनीस

मी अमेरिकेत, सिएटलजवळ एका बोटयार्डात नऊ वर्षं काम करतोय. मूळ गाव गुहागरचं. वॉशिंग्टन राज्यात बोटयार्डांसाठी वेगळा परवाना असतो आणि पावसाच्या पाण्यातलं तांबं आणि जस्त तपासून द्यावं लागतं. तांब्यावर एवढा रोख का, तर त्याने सामन माशाचं नाक मारलं जातं. वासावरून जन्मनदी शोधणारा मासा तो, नाकच गेलं तर जाईल कुठे? तुमच्याकडे सामन नाही, पण कालवं आहेत, आणि कालवं पाणी गाळूनच जगतात.

आता खड्ड्याबद्दल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. पंधरा गुंठे म्हणजे साधारण १,५०० चौरस मीटर. नुसता १० मिमी पाऊस झाला तरी १५,००० लिटर, आणि कोकणात १०० मिमीचा दिवस नवलाचा नाही. म्हणजे दीड लाख लिटर, एका दिवसात. असा खड्डा तुम्ही खणूच शकत नाही. खणलात तरी दुसऱ्या दिवशी तो भरून वाहील आणि तळाचा गाळ ढवळून घेऊन जाईल.

म्हणून पाण्यामागे लागू नका, चुऱ्यामागे लागा. चुरा जमिनीवर पडलाच नाही तर पाणी धरायचं कशाला?

पहिलं काम: कागदावर यार्ड काढा. हाताने काढलं तरी चालेल. उतार कुठून कुठे, पाणी कुठून शिरतं, कुठून बाहेर पडतं, डिझेलचे बॅरल कुठे, बॅटऱ्या कुठे, रंग कुठे कालवतात. आमच्याकडे परवान्याच्या फाईलचं पहिलं पान हेच असतं. वळवाची वाट बघायची नसेल तर चार बादल्या पाणी ओता आणि बघा कुठे जातंय.

आणि एक सांगा, तुमच्या यार्डाच्या वर काय आहे?

वाघोटणकाठ

वर कलमांची बाग आणि त्याच्यावर सडा (जांभ्याचं उघडं पठार). दोनेक एकराचं पाणी पऱ्ह्यातून (ओढ्यातून) खाली येतं आणि आमच्या शेडमागून यार्डातच शिरतं. बालपणी त्यातच होड्या सोडायचो.

पावसाचा हिशेबनीस

मग तुमचे पहिले पैसे तिथे. दोन एकर म्हणजे ८,००० चौरस मीटर. सगळं वाहून येत नाही, थोडं मुरतं, तरी तुमच्या यार्डावर पडणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट वरून येतंय. ते पाणी स्वच्छ आहे, तुमच्यातून जाताना घाण होतंय. शेडमागे जांभ्याच्या चिऱ्यांचा कमरेइतका बांध आणि बाजूने चर, पऱ्ह्या कडेने थेट खाडीत. तो शेजाऱ्याच्या बागेत मात्र घुसवू नका, नाहीतर पुढचा धागा जमिनीच्या भांडणाचा निघेल.

मग घासकाम. अठरा बोटींखाली अठरा ठिकाणी चुरा पाडण्याऐवजी एकच जागा ठरवा. उधाणाच्या भरतीच्या रेषेच्या वर १२ मीटर बाय ६ मीटरचा पट्टा. ७२ चौरस मीटर. तिथे १० मिमी पाऊस म्हणजे ७२० लिटर, एका हजार लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत मावतो! पंधरा हजारांवरून सातशेवर आलो, एक पैसा न घालता.

मिरकरवाडा बंदर

पंधरा वर्षं बोट आहे माझी, म्हणून विचारतो. हिशेब कागदावर झकास. पण उधाणाचे तीन-चार दिवसच बोट वर घेता येते. अठरा मालक एकदम येणार, प्रत्येकाला आपली बोट आधी हवी. चाळीस फुटी बोट एकदा ओंडक्यांवर बसली की पुन्हा हलवायची नाही. मग तुमचा पट्टा कोण वापरणार? आणि बहुतेक मालक आपले खलाशी आणून घासतात, ते यार्डवाल्याचं ऐकतात होय?

पावसाचा हिशेबनीस

हे खरंय आणि ह्यावर माझ्याकडे चकचकीत उत्तर नाही. पण काम दोन भागांत मोडा. बोट पाण्यातून वर आल्या-आल्या बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले ओले असतात, पत्र्याने दोन तासांत निघतात. तेवढंच पट्ट्यावर, विंचच्या वाटेवरच. मग बोट आपल्या जागी. पॉलिशपेपर आणि ग्राइंडरचं सुकं काम, ज्यात खरा रंग उडतो, ते जागेवर, पण बोटीखाली ताडपत्री आणि ग्राइंडरला व्हॅक्युम लावून. आमच्याकडे व्हॅक्युमशिवाय सँडर लावायलाच बंदी आहे. धूळ ओढायची सोय असलेला सँडर आणि वर्कशॉपमधला धूळ ओढायचा व्हॅक्युम असे दोन सेट घ्या आणि खलाशांना भाड्याने नाही, फुकट द्या. भाडं लावलंत की ते आपला जुना ग्राइंडर पिशवीतून काढणार.

मिरकरवाडा बंदर

फुकट म्हटल्यावर ऐकतील. वर एक करा: बोट वर घेतानाच दीड-दोन हजार अनामत घ्या, ताडपत्री झाडून चुरा ड्रममध्ये दिला की परत. मालकाच्या खिशातले पैसे अडकले की खलाशाला झाडू आपोआप सापडतो.

आणि तुमच्या वडलांना सांगा, आजोबांच्या होडीला माशाचं तेल आणि चुना होता. आत्ताचा लाल रंग म्हणजे तांब्याचं विष आहे, शिंपला चिकटू नये म्हणूनच तो बनवलाय. घासणं तेच आहे, घासतो ती वस्तू बदलली.

शिंपलेवाली

मिरकरवाडांच्या मुद्द्याला जोडून. फ्रान्सच्या आर्काशोंच्या उपसागरात नेमकं हेच झालं होतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कालवांची पिल्लं धरेनात, मोठ्या कालवांचे कवच वेडेवाकडे जाड व्हायला लागले. कारण निघालं बोटींच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं विष. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर ते बंद केलं, मग कालवं पुन्हा धरली. ते जगभर बंद करणारा करार २००८ मध्ये लागू झाला. तुमच्या बोटींवर आज तांब्याचा रंग असेल, पण फार जुन्या बोटीच्या खालच्या थरांत काय आहे हे कुणी सांगणार नाही. म्हणून जुनी बोट लाकडापर्यंत घासत असाल तर व्हॅक्युम, मास्क आणि ताडपत्री ह्यात सूट नको. शेडमध्ये बिनलेबलाचे जुने डबे असतील तर ते तर उघडूच नका.

कागदपत्रवाला

परवानगीचं मी सांगतो, हेच माझं काम.

पट्ट्यावर काँक्रीट ओतायच्या आधी थांबा. जागा भरतीच्या रेषेला लागून आहे, म्हणजे सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचा) प्रश्न येतो. आधी लेखी विचारा, नंतर मिक्सर बोलवा. यंदा जाड ताडपत्री आणि कडेने वाळूच्या पिशव्या एवढ्यावर भागवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती तुमच्या कामाला लागते का, आधीची काही आहे का, हे वडिलांच्या ट्रंकेत शोधा.

जळकं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचं, पावती घेऊन. शटरिंगवाल्याला विकायचं नाही आणि लाकडाला फासायलाही नाही (सगळे करतात, मला माहीत आहे). रंगाचा चुरा, रंगाची फडकी, थिनर ही मंडळी त्याच रांगेतली: झाकणाचा ड्रम, वर नाव आणि तारीख, शेडमध्ये, जमिनीपासून वर. उकिरड्यावर नाही आणि जाळायचं तर अजिबात नाही. ड्रमभर झालं की मंडळाच्या स्थानिक कार्यालयात विचारून अधिकृत ठिकाणी पाठवा. बॅटऱ्या विकणाऱ्यालाच परत.

फायबरचं काम करता का? रेझिनचं हार्डनर आणि ॲक्सिलरेटर एका फळीवर ठेवू नका. हे पाण्याचं नाही, आगीचं आहे, पण राहवलं नाही.

वाघोटणकाठ

सगळ्यांचे खूप आभार. नकाशा काढला. काढताना कळलं की बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं, तेलकट पाणी आम्ही बोट वर घेतल्यावर बुडाचा बूच काढून तिथेच सोडतो. आजवर त्याचा विचारच केला नव्हता. काय करायचं?

पावसाचा हिशेबनीस

बूच काढायच्या आधी इंजिनखाली तेल शोषणारी गादी ठेवा, वरचं तेल टिपून घ्या, मग उरलेलं हातपंपाने ड्रममध्ये. साबण अजिबात घालू नका. साबणाने तेल दिसेनासं होतं, नाहीसं होत नाही, उलट पाण्यात मिसळल्यावर काढणं अवघड.

अजून दोन गोष्टी. तुमच्या शेडचे पत्रे गॅल्व्हनाइज्ड असतील तर पागोळीच्या पाण्यात जस्त येतं. आम्ही वर्षभर शोधत होतो जस्त कुठून येतंय, आणि ते आमच्या डोक्यावरच होतं. पत्र्याला रंग मारला की बरंच कमी होतं.

दुसरी, तपासणी. लॅबचे पैसे नसतील तर काचेची बाटली घ्या. पाणी बाहेर वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात भरा, कारण सगळ्यात घाण पाणी तेच. रंग, वास, गढूळपणा, वर तेलाचा तवंग, फेस, आणि तासाभराने तळाला काय बसलं ते वहीत लिहा. अमेरिकेच्या केंद्रीय परवान्यात ही डोळ्यांनी तपासणी दर तिमाहीला करावी लागते. विरघळलेलं तांबं डोळ्यांना दिसत नाही हे खरं, त्यासाठी लॅबच लागेल. पण चुरा जातोय की नाही हे बाटली सांगते.

वाघोटणकाठ

(मेच्या अखेरीस) उशिरा लिहितोय, आंब्याच्या पेट्या भरण्यात माणसं मिळत नव्हती. बांध आणि चर झाला, चिरे आमच्याच पडक्या गडग्याचे. ताडपत्र्या, दोन सेट, चार ड्रम, गाद्या, पाणी बाहेर पडण्याच्या तोंडांवर गाळ अडवायला काथ्याचे रोल. खर्च त्रेपन्न हजारांच्या आसपास. अनामतीवरून दोन मालक रागावून गेले, एक परत आला.

परवा वळीव झाला. तीन तोंडांवर तीन बाटल्या भरल्या. पट्ट्याखालची जवळपास साफ, पऱ्ह्याकडची नुसती मातकट. तिसऱ्या बाटलीच्या तळाला बोटभर लाल गाळ. वर चढत जाऊन बघितलं तर ती आमचीच बोट, वडिलांनी सकाळी ताडपत्रीशिवाय घासलेली. बाटली त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली. संध्याकाळी ते स्वतःच ताडपत्री शोधत होते.

एकच प्रश्न उरलाय. त्या तोंडावरच्या काथ्याच्या रोलमध्ये लाल चुरा अडकलाय. धुऊन पुन्हा वापरू का?

कागदपत्रवाला

धुतलंत तर ते पाणी कुठे जाईल? रोलच ड्रममध्ये टाका.