प्रतिसाद: हस्तकलेच्या भेटी ऑनलाइन घ्याव्यात का?

दिवाळीच्या भेटींसाठी हाताने बनवलेल्या वस्तू ऑनलाइन घ्याव्यात का, असं वर विचारलंय. जरूर घ्या. फक्त विकणाऱ्याला विचारा, कारागिराला पैसे कधी देता? जागतिक फेअर ट्रेड (म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार) संघटनेच्या तत्त्वांनुसार कारागिराने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते.

आपल्या पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळीच बघा, तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची. तांब्याचा पत्रा आणल्याशिवाय काम सुरूच होत नाही. मग घडण, त्यावर मठारकाम: हातोडीचा ठोका ठोक्याला लागून, ओळीने. त्याने चकाकी येते, शिवाय पत्रा कणखर होतो. एवढं करून पैसे माल खपल्यावरच मिळणार असतील, तर भांडवल कारागिराचंच अडकतं. मला हे साफ चुकीचं वाटतं.

पुण्यात असाल तर आळीतच जा. बाहेरगावी पाठवायचं असेल तर ऑनलाइन मागवा.