पॅडी बकली राउंडसाठी रस्त्यावरचा सपोर्ट कसा करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ जूनच्या शेवटच्या आठवड्यात वेल्समधला पॅडी बकली राउंड करणार आहे आणि रस्त्यावरच्या सपोर्टची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तो शेफील्डला असतो, मी बर्मिंगहॅमला. मी स्वतः पळत नाही. पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर भटकले आहे, त्यामुळे अंधाराची, पावसाची धास्ती नाही. पण एका माणसाला दिवस-रात्र पळतं ठेवायचं हे काम निराळं आहे आणि ते मला नीट करायचं आहे. इथे ब्रिटनमधले डोंगरवेडे बरेच आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरीरीत, म्हणजे स्नोडोनियात, ४७ शिखरं जोडणारी ही फेरी आहे. अंतर साधारण १०० किलोमीटर, एकूण चढाई साडेआठ हजार मीटरच्या आसपास. त्यातलं सर्वांत उंच शिखर अर विद्वा, म्हणजेच स्नोडन, १०८५ मीटरचं. आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशेहून जास्त मीटरने कमी. पण उंचीवर जाऊ नका. दगडांचे ढीग, दलदल, वाट नसलेलं गवत, आणि दर शिखरानंतर पुन्हा खाली उतरणं, यात माणूस पिळून निघतो. पॅडी बकली यांनी ही फेरी आखली आणि १९८२ साली वेंडी डॉड्स यांनी ती पहिल्यांदा पूर्ण केली, २५ तास ३८ मिनिटांत. लेक डिस्ट्रिक्टमधला बॉब ग्रॅहम आणि स्कॉटलंडमधला चार्ली रॅमसे यांच्या जोडीने हा तिसरा मोठा राउंड मानतात.

ही शर्यत नाही, हे मुद्दाम सांगते. सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा पळलेल्यांना ठरावीक अंतरावर पाणी, केळी, स्वयंसेवक अशी सवय असते. इथे आयोजकच नाही. ना बिब, ना मेडल. पळणाऱ्याने दिवस निवडायचा, कुठूनही सुरुवात करायची आणि फिरून तिथेच पोचायचं. मदत लागेल ती आपली आपण उभी करायची. चोवीस तासांत संपवलंच पाहिजे असंही नाही, पण भावाने मनावर घेतलं आहे.

त्याचा बेत असा. सकाळी दहाला केपल किरिगहून सुटायचं. मोएल शाबोद, मग मोएलविनचे डोंगर आणि क्निख्त करून सव्वाचारच्या सुमारास नान्टमोर. हा सर्वांत लांब टप्पा. तिथून मोएल हेबोगची रांग करून साडेआठला पॉन्ट कायर गोर्स. मग अर आरान, लिवेद, अर विद्वा, मोएल आयलियो करत मध्यरात्रीनंतर दीडला लानबेरिस. तिथून एलिदिर, ग्लिडर आणि त्रिवान करून सकाळी साडेसहाला ऑगवेन, आणि शेवटी कार्नेदायची रांग उतरून दहाच्या आत परत केपल किरिग. क्लबातली चार मुलं टप्पे वाटून घेऊन त्याच्याबरोबर पळणार आहेत. वाट शोधणं, त्याचं खाणं-पाणी वाहणं आणि प्रत्येक माथ्यावरची वेळ टिपणं हे त्यांचं काम. चार थांबे आणि शेवट माझ्याकडे.

आता प्रश्न. गाडीत काय काय असावं, याच्या याद्या मिळतात. माणसाला नेमकं कसं सांभाळायचं ते कुठे मिळत नाही. तो नान्टमोरला येईल तेव्हा सहा तास पळून आलेला असेल. तेव्हा पहिल्यांदा पाय बघायचे की पोट? किती वेळ बसू द्यायचं? पंधरा तासांनंतर गोड जेल डोळ्यांसमोर नको होतात असं तोच म्हणतो, मग मी काय शिजवून नेऊ? गाड्या लावायला कुठे अडचण येते? आणि ज्याचा मला सगळ्यात घोर आहे ते: पुरे झालं, आता थांब, हे कधी म्हणायचं आणि कोणी म्हणायचं? मी म्हटलं तर तो ऐकणार नाही. बहीण आहे ना, काळजीपोटी बोलते आहे असं वाटेल त्याला.

गाडी चालवणारी मी एकटीच आहे. तेही बरोबर आहे का सांगा.

प्रतिसाद

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी लिव्हरपूलला असतो. मित्रांच्या राउंडला रस्त्यावरही उभा राहिलो आहे आणि डोंगरातही पळलो आहे.

पहिली गोष्ट, त्याला प्रश्न विचारू नका. "काय खाशील?" हा प्रश्न पहिल्या थांब्यावर ठीक आहे, लानबेरिसला रात्री दीडला नाही. त्या वेळी डोकं चालत नाही. दोन वाट्या समोर धरा, हात जाईल ती त्याची. खुर्ची गाडीकडे पाठ करून, पुढच्या वाटेकडे तोंड करून ठेवा. बुटांच्या नाड्या आधीच पार सैल करून ठेवायच्या, मोजे टाचेपर्यंत गुंडाळून ठेवायचे, म्हणजे त्याला नुसता पाय घालायचा. ओल्या पायांत मोजा ओढत बसण्यात किती वेळ जातो ते एकदा घरी करून बघा. आधी टॉवेलने पाय कोरडे, मग बोटांच्या मध्ये व्हॅसलीन, मग मोजा. तुम्ही पाय बघत असताना त्याच्या हातात वाटी असलीच पाहिजे; पाय आणि पोट एकदमच.

मोएलविनचा टप्पा दलदलीचा आहे, त्यामुळे नान्टमोरला बूट बदलायचे. तिथे दहा मिनिटं द्या, बाकी ठिकाणी पाच. चार थांब्यांवर दहा-दहा मिनिटं जास्त गेली तर चाळीस मिनिटं गेली, आणि ती कार्नेदायवर पळून भरून निघत नाहीत. घड्याळ तुमच्या हातात. वेळ झाली की उठवायचं. उबदार गाडीत बसू द्यायचं नाही, पाऊस असला तरी. मागचं दार वर उघडून त्याखाली खुर्ची.

हा टप्पा लांब असल्यामुळे मध्ये एकदा पाणी पोचवता आलं तर सोनं. क्रोएसोर गावातून जुन्या ऱ्होसिद खाणीपर्यंत चालत वाट आहे. एखादा मित्र दोन लिटर पाणी आणि सँडविच घेऊन तिथे बसला तर मुलांचं ओझं कमी होतं. फक्त त्याला सांगून ठेवा की खाणीच्या वर उघडी खोल खड्डेवजा तोंडं आहेत. धुक्यात वाट सोडून इकडेतिकडे भटकायचं नाही.

गाडीचं म्हणाल तर ऑगवेनला ए-५ रस्त्याच्या कडेच्या जागा सुट्टीच्या दिवशी पहाटेच भरतात. जागा नाही म्हणून पिवळ्या रेघांवर लावू नका, गाडी उचलून नेतात. शनिवारऐवजी मधला वार मिळाला तर बघा. पेन-अ-पासच्या वाहनतळाचं आगाऊ बुकिंग करावं लागतं, पण तुम्हाला तिथे थांबायची गरजच नाही, नुसती खिंड ओलांडायची आहे. पेट्रोल आदल्या दिवशी पूर्ण भरा. बेदगेलर्टमधली दुकानं संध्याकाळी बंद होतात, तेव्हा नान्टमोरला जातानाच काय हवं ते घ्या.

वेळापत्रक चांगलं आखलंय. वाट सापडायला सर्वांत कठीण तो मोएलविनचा भाग उजेडात, आणि त्रिवानचे खडक पहाटे पाचनंतर. त्या दिवसांत सूर्य पावणेदहाला मावळतो आणि पाचच्या आत उगवतो, त्यामुळे खरा अंधार थोडाच. पण तो नेमका लिवेदवर येणार. एका बाजूला सरळ कडा आहे. तिथे पळणारी मुलं अशी निवडा ज्यांनी ती धार रात्री केलेली आहे.

ट्रॅकर असेल तर त्याकडे एकटक बघत बसू नका. दऱ्यांमध्ये सिग्नल जातो आणि ठिपका अर्धा तास एका जागी राहतो. याचा अर्थ तो पडलाय असा नाही.

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे, कार्डिफला असते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तो अगदी योग्य प्रश्न आहे.

थांबायचं कधी, हे आदल्या दिवशी भावाबरोबर बसून ठरवा. त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि कागदावर लिहा. दमणं, रडणं, ओकारी होणं ही थांबायची कारणं नाहीत. जीभ जड होणं, साध्या सपाटीवर झोकांड्या जाणं, स्वतःचं जाकीट स्वतः घालता न येणं, ही आहेत. भिजून कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि गप्प झाला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. तो धोका आहे. जूनमध्येही वारा आणि पाऊस एकत्र आले की या डोंगरांत अंग गार पडायला वेळ लागत नाही. सह्याद्रीतला पावसाळा भिजवतो, पण असं गारठवत नाही. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड प्रत्येक थांब्यावर हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

निर्णय पळणाऱ्या मुलांपैकी जो वयाने, अनुभवाने मोठा असेल त्याच्याकडे द्या. डोंगरात तोच शेजारी असणार. रस्त्यावर तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. बहिणीवर एकटीवर हे ओझं नको.

आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने मागितली तरी. इतक्या तासांच्या श्रमात, पाणी कमी पडलेलं असताना, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि नुसतं पाणी पाजत राहणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं. तहान लागेल तसं पाणी, आणि खाण्यात मीठ.

प्रसंग आलाच तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू मागायचं. फोन लागत नसेल तेव्हा ९९९ ला मेसेजही करता येतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. सगळ्यांच्या फोनवर ती आजच करून ठेवा. मदतीला येणारे सगळे स्वयंसेवक असतात, तेव्हा जागेचा नकाशावरचा आकडा नीट सांगता आला पाहिजे.

आणि हो, एकटीने गाडी चालवायची नाही. सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी दहा, आणि त्यात त्या अरुंद रस्त्यांवर रात्री मेंढ्या. दुसरा चालक बघाच.

प्रतिसाद

पुण्याहून लिहितोय. तिकडचे डोंगर पाहिलेले नाहीत, पण अल्ट्रा पळतो, त्यामुळे खाण्याबद्दल सांगू शकतो.

मेतकूट-भात न्या. गुरगुट्या, अगदी सैल, वर तूप आणि मीठ नेहमीपेक्षा जास्त. मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये पाच-सहा तास गरम राहतो, चावावं लागत नाही आणि गोडाने विटलेल्या जिभेला बरा वाटतो. चमच्याने भरवलात तरी चालतो. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ लावून. साबुदाण्याची खिचडी नको, गार झाली की गिळवत नाही. कोकम सरबतात मीठ घालून बाटल्या भरा. डोंगरात खिशात राजगिऱ्याची वडी ठेवता येते, पण शेंगदाण्याची चिक्की कोरड्या तोंडात फिरत राहते, ती टाळा. पहाटे मात्र काळा, गोड, गरम चहा. त्याने माणूस उठतो.

जे काही द्याल ते आधी एखाद्या लांब पळण्याच्या दिवशी त्याला खाऊन बघू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला फोनवर तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. थांबण्याच्या खुणा त्याने स्वतः लिहून काढल्या आणि क्लबातल्या ज्या मोठ्या मुलाकडे निर्णय द्यायचा त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. लिवेदवर तोच बरोबर असणार आहे, रात्री ती धार त्याने केलेली आहे. मेतकूट बहिणीला शोभेल असं घरीच केलं आहे, येत्या रविवारी पीक डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्या लांब पळण्याला भात घेऊन जाते आहे. तारीख बुधवारची धरली आहे, हवामान बघून एक दिवस मागेपुढे.

क्रोएसोरहून पाणी घेऊन जाणारा मित्रही मिळाला. राहिला फक्त दुसरा चालक. पॉन्ट कायर गोर्सनंतर पुढे मला दोन-तीन तास तरी डोळा लागायला हवा. लानबेरिस ते ऑगवेन गाडी नेऊन तिथे सगळं मांडून ठेवणारं कोणी जवळपास आहे का?

प्रतिसाद

ताई, लिव्हरपूलवाला. बुधवारी रात्री मी येतो. साडेअकरापर्यंत लानबेरिसला पोचतो, माझी गाडी तिथेच ठेवतो आणि तुमची चालवतो. तुमच्या गाडीच्या विम्यात माझं नाव एका दिवसापुरतं घालावं लागेल, तेवढं करून ठेवा. तपशील व्यक्तिगत निरोपात पाठवतो. तुम्ही मागच्या सीटवर झोपा. तो खाली यायच्या वीस मिनिटं आधी उठवतो. ऑगवेनला पहाटे वारा नसेल तर बारीक माशा फार चावतात, सगळ्यांसाठी डोक्यावरच्या जाळ्या घ्या.